स्कारबरोचा ‘स्पा’: सकाळच्या मैफलीसाठी मुद्दाम जावे अशी वास्तू

इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरील स्कारबरोचा ‘स्पा’ पाहायला जाताना मालिश आणि सुगंधी तेलांची आजची कल्पना बाजूला ठेवावी, कारण येथे पूर्वी लोक येत ते पाणी पिण्यासाठी. १६२६ च्या सुमारास कड्याच्या पायथ्याशी, अगदी समुद्राला लागून, कडवट चवीचा खनिज झरा सापडला. पाणी जेथून वाहते तेथील दगडांवर चढलेले तांबूस पुट पाहून त्याच्या औषधी गुणांची ख्याती पसरली आणि १६६० मध्ये रॉबर्ट विटी या वैद्याने त्यावर पुस्तकही लिहिले. ते पाणी आता पिण्यायोग्य मानले जात नाही, तरीही इमारतीचा राबता थांबलेला नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारणाऱ्या जोसेफ पॅक्स्टन यांनी येथे बांधलेले संगीतगृह १८७६ मध्ये आगीत नष्ट झाले आणि त्या जागी १८८० मध्ये आजची वास्तू खुली झाली. तिच्या मोठ्या सभागृहात संमेलने आणि जलसे होतात, शेजारच्या नाट्यगृहात प्रयोग रंगतात, लग्नसमारंभांनाही दालने दिली जातात. जुनी वास्तू दोरी बांधून नुसती दाखवण्यापुरती ठेवण्यापेक्षा ती अशी वापरात असणे मला शतपटीने चांगले वाटते.

मात्र येथे यायचे ते उन्हाळ्यात, स्पा ऑर्केस्ट्रासाठी. १९१२ पासून चालत आलेला हा वाद्यवृंद ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्यांवरील व्यावसायिक वाद्यवृंदांपैकी आता एकमेव उरला आहे. ‘सन कोर्ट’ या उघड्या अंगणात, काळ्या-पांढऱ्या फरशीवर मांडलेल्या खुर्च्यांत बसून आम्ही सकाळची मैफल ऐकली. वाऱ्याने स्वरलिपीचे कागद उडू नयेत म्हणून वादकांनी त्यांना कपड्यांचे चिमटे लावले होते, आणि व्हायोलिनचा सूर हळू झाला की भिंतीपलीकडची लाट स्पष्ट ऐकू येई. बंद, वातानुकूलित सभागृहात असे ऐकणे कधीच वाट्याला येत नाही. शेजारी बसलेल्या आजी प्रत्येक वॉल्ट्झला पायाने ताल धरत होत्या.

गाव वर कड्यावर आणि वास्तू खाली पाण्यापाशी असल्यामुळे पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर १८७५ मध्ये सुरू झालेल्या, ब्रिटनमधील अशा प्रकारच्या पहिल्या उतरत्या रुळगाडीने खाली यावे, आणि मैफलीच्या अर्धा तास आधी पोहोचून वाद्यवृंदाच्या जवळची खुर्ची धरावी.