नागपूर, पुणे की मुंबई? गाव सोडण्याआधी तिथल्या माणसांविषयी

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडच्या खेड्यांतून दर जून-जुलैत पोरंपोरी शिकायला, नोकरीला बाहेर पडतात. कॉलेजची फी, खोलीचं भाडं, मेसचा खर्च, गाडी किती वाजता सुटते, हे सगळं त्यांनी आधीच काढून ठेवलेलं असतं. घरचे मात्र शेवटी एकच विचारतात, "लोकं कसे आहेत जी तिकडचे?" त्याची उत्तरंही ठरलेली आहेत. पुण्याचे लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत. मुंबईत कोणी कोणाचं नसतं. नागपूर काय, आपलंच आहे. मी तिन्ही शहरांत राहून आता गावी परतले आहे, आणि या तीन वाक्यांवर विसंबून पोरांनी आपल्याला न मानवणारं शहर धरलेलं पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मोठ्या शहरातली माणसं आपल्यापेक्षा कोरडी नसतात. गावात आधी ओळख पटावी लागते, मग माया मिळते. शहरात ओळखीवाचून मदत मिळते, माया मात्र उशिरा मिळते, आणि तीही आपण होऊन पुढे गेलं तरच. तुम्हाला या घडीला कशाची जास्त गरज आहे, ते बघून शहर ठरवा.

आधी गावाचं खरं

शहराला नावं ठेवताना आपण मनात गाव धरून बोलतो, म्हणून गावापासून सुरुवात करते. आमच्याकडे रस्त्यात भेटलेली म्हातारी थेट विचारते, "कोनाची व पोरगी तू?" आजोबांचं नाव सांगितलं की तिच्या तोंडून तुमच्या तीन पिढ्या ऐकाव्या लागतात, आणि चहा घेतल्याशिवाय सुटका नसते. घरातलं कोणी सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती झालं तर संध्याकाळपर्यंत गावाहून डबा पोहोचतो. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. हे खरंच आहे आणि मोठं आहे. शहरात पहिल्या वर्षी याचीच उणीव सगळ्यात जास्त जाणवते.

पण ही माया सगळ्यांना सारखी मिळत नाही. सोयाबीन काढायला मेळघाटातून कोरकू माणसं येतात, शेतातल्या झोपडीत राहून आपलं पीक काढून देतात. त्यांच्यातल्या किती जणांची नावं गावाला ठाऊक असतात? एकाच गावात एका मोहल्ल्यातल्या पोराला ओसरीवर बसवतात आणि दुसऱ्या मोहल्ल्यातल्याशी अंगणातूनच बोलून त्याला वाटेला लावतात, हेही आपण पाहत आलो आहोत. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं घर म्हटलं, ते याच अनुभवातून. ज्यांच्या वाट्याला ओसरी आली नाही, त्यांना शहरातलं 'कोणी काही विचारत नाही' हे मोकळ्या श्वासासारखं वाटतं.

मुलींचंही तसंच. जी नजर तुमची काळजी घेते, तीच तुम्ही कोणत्या बसमधून उतरलात आणि उतरताना कोणाशी बोलत होतात, हे संध्याकाळपर्यंत घरी पोहोचवते. नवरा गेलेल्या बाईने हिरवी साडी नेसली तर गाव काय बोलतं, ते मी इथं लिहीत नाही.

नागपूर

बोलायला सगळ्यात सोपं शहर. तुमच्या "काय करून राहिला बे"ला इथं कोणी हसत नाही, कारण तेही तसंच बोलतात, वर निम्मं हिंदी मिसळून. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर शेजारी उभा असलेला माणूस दुसऱ्या घासाला गाव विचारतो आणि तिसऱ्याला तुमच्या तालुक्यातला आपला मावसभाऊ काढतो. मेडिकलला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, सगळ्या विदर्भाचे पेशंट येतात. वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक अर्ध्या तासात एकमेकांच्या डब्यातलं खायला लागतात.

हे शहर अनोळखी माणसाला किती सामावून घेऊ शकतं, ते दीक्षाभूमीवर दिसतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथं धम्मदीक्षा झाली. तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात, आणि त्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर जेवण वाढणारे उभे असतात. ताटावर बसणाऱ्याला तिथं कोणी गाव विचारत नाही, घर विचारत नाही.

अडचण एकच, गाव फार जवळ आहे. सीताबर्डीवर तुम्ही कोणाबरोबर चहा पीत होतात, ते तुमच्या आधी घरी पोहोचतं. ज्यांना आधार हवा त्यांच्यासाठी हे चांगलं, ज्यांना मोकळीक हवी त्यांनी विचार करावा.

पुणे

पुण्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त राग आहे आणि त्याला कारणंही आहेत. पहिला घाव बोलण्यावर बसतो. "आम्ही जाऊन राहिलो" म्हटलं की वर्गात कोणीतरी ते पुन्हा म्हणून दाखवतं. करणारा मजेत करतो, पण आर्वीहून आलेली मुलगी त्यानंतर दोन महिने वर्गात तोंड उघडत नाही. खोली शोधताना आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर "नॉनव्हेज चालतं का" विचारतात, आणि कित्येक जागा तिथंच संपतात. हे मैत्रीपूर्ण नाही आणि याचं समर्थनही करू नये. अर्थात आपल्या तालुक्याच्या गावी खोली भाड्याने देताना काय काय विचारलं जातं, तेही आठवून पाहा.

पण ज्या पुण्याला आपण नावं ठेवतो ते पेठांमधलं जुनं पुणं. आज शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या पोराला दिवसभरात जी माणसं भेटतात, त्यांतली बरीच बाहेरून आलेली असतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीचा अभ्यास करणारे लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळचे. चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांतही तेच. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरच्याशी महिना-दोन महिने फक्त मान हलवण्याइतकी ओळख राहते. मग एखाद्या दिवशी जाहिरात निघते, नोट्सची देवाणघेवाण होते, आणि ती मैत्री पुढं पदं मिळून सगळे पांगले तरी टिकते.

माझी घरमालकीण जुन्या पुण्यातली होती. दहाला दार बंद, पाण्याच्या वेळा ठरलेल्या, चपला कुठं काढायच्या तेही ठरलेलं. वर्षभर ती माझ्या खोलीत येऊन बसली नाही आणि मला तिने कधी "ये, बस" म्हटलं नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा मात्र रोज सकाळी दारात मऊ भाताचं पातेलं असायचं. पातेलं ठेवून ती निघून जायची. बरी झाल्यावर मी आभार मानायला गेले, तर म्हणाली, "पातेलं घासून आणलंस ना?" ही माणसं मायेचा उच्चार करत नाहीत. आपल्याकडे आधी तोंडभर बोलतात, मग करतात, आणि कधी कधी नुसतंच बोलतात. "येतो न उद्या" म्हणून न येणं आमच्याकडे कोणाला खटकत नाही. पुण्यात पाचला येतो म्हणणारा पाचला येतो. कामाच्या माणसाला याची किंमत लवकर कळते.

मुंबई

मुंबईच्या माणसांबद्दल दोन चाचण्या सांगण्यासारख्या आहेत. दोन्ही रीडर्स डायजेस्ट मासिकाने घेतलेल्या. २००६ साली जगातल्या ३५ शहरांत सभ्यता तपासली होती. मागून येणाऱ्यासाठी कोणी दार धरून ठेवतं का, खाली पडलेले कागद उचलायला मदत करतं का, किरकोळ खरेदीनंतर दुकानदार आभार मानतो का. न्यूयॉर्क पहिलं आलं, मुंबई शेवटची. मग २०१३ साली १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं, पैसे आणि फोन नंबरसकट, मुद्दाम रस्त्यात टाकली. हेलसिंकीत ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा, १२ पैकी ९.

बारा पाकिटांवरून शहराचा स्वभाव ठरत नाही, हे मान्य. तरी या दोन निकालांत मला माझी मुंबई ओळखू येते. आभार मानण्याची परीक्षा घेतली तर आर्वीचा किराणा दुकानदारही नापास होईल. तो वहीवर उधार लिहील, पण 'धन्यवाद' म्हणणार नाही.

मुंबईत मदत होते ती बहुतेक वेळा न बोलता. लोकलमध्ये चढताना मागची बाई कोपराने ढकलते, आणि तीच बाई आत गेल्यावर तिघींच्या बाकावर सरकून चौथ्या सीटची जागा करते. तुम्हाला एकच प्रश्न विचारला जातो, "कुठे उतरणार?" तुमचं गाव, जात, लग्न, काहीही नाही. रोज एकाच वेळेची गाडी आणि एकच डबा धरला की तीन-चार आठवड्यांत तोंडओळख होते. मग भाजी निवडता निवडता गप्पा, नवरात्रात ठरवून एका रंगाच्या साड्या, संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू. एखादी चार दिवस दिसली नाही तर तिला फोन जातो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर जागच्या जागी थांबलं. त्या रात्री अनोळखी लोकांनी घरं उघडली, कंबरभर पाण्यातून चालणाऱ्यांना चहा-बिस्किटं दिली, दोर धरून रस्ता पार करवला. आपल्या भागातून परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरचे पेशंट जातात. त्यांना आसरा देणारी दादरची धर्मशाळा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाने चालते. मुंबईत कोणी कोणाचं नसतं म्हणणाऱ्याने तिथं एकदा जाऊन यावं.

मग कोरडेपणाचा तो अनुभव येतो कुठून? स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली याचं कारण मांडलं, आणि मला ते पटतं. मोठ्या शहरात माणसाला दिवसभरात इतकी तोंडं दिसतात की प्रत्येकाकडे लक्ष देणं अशक्य होतं. म्हणून तो लक्ष वाचवून ठेवतो, घाईत नजर देत नाही, दार पूर्ण उघडत नाही. फोन करायला घरात येऊ द्याल का, असं अनोळखी माणसाने दारोदार विचारलं तेव्हा लहान गावांत कितीतरी जास्त लोकांनी आत घेतलं आणि न्यूयॉर्कमध्ये बहुतेकांनी बंद दाराआडूनच उत्तर दिलं. तरी शहराचा आकारच सगळं ठरवतो असंही नाही. रॉबर्ट लेव्हिन यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत अनोळखी माणसाला मिळणारी मदत तपासली, तेव्हा रिओ दि जानेरो पहिलं आलं, क्वालालंपूर शेवटचं, आणि आपलं कोलकाता वरच्या शहरांत होतं.

गर्दीची दुसरी एक गोष्ट जीव वाचवू शकते, म्हणून प्रत्येक पोराला सांगून पाठवा. पाहणारे जितके जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणी पुढे होईल. डार्ली आणि लाटाने या दोघांनी १९६८ पासूनच्या प्रयोगांत हे दाखवलं. गावात "धावा" म्हटलं की माणसं धावतात, कारण न धावलेल्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. शहरात चक्कर आली, अपघात झाला, तर "कोणीतरी मदत करा" म्हणू नका. एका माणसाकडे बोट दाखवा, "निळ्या शर्टवाले काका, तुम्ही १०८ लावा." ज्याला नेमून सांगितलं तो बहुधा हलतो. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीनेही लोक मागे राहतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुम्हीच पाहणारे असाल तर हे लक्षात ठेवून पुढं व्हा.

कोणी कुठं जावं

घर पहिल्यांदाच सोडता आहात, एकटं जेवायला बसलं की घास उतरत नाही, आणि बोलीवरून कोणी हसलं तर मनाला लागतं, तर निदान पहिली दोन-तीन वर्षं नागपूर. उगाच पुण्याचा हट्ट नको.

गावाच्या नजरेतून सुटायचं आहे, आडनावाने नाही तर कामाने ओळखलं जावं असं वाटतं, रात्री उशिरा एकटीने परतावं लागणार आहे, तर मुंबई. जागा लहान मिळेल, प्रवास जीव काढेल, पण माणसांसाठी मी मुंबईलाच पहिलं ठेवते.

अभ्यासासाठी एका जागी चार वर्षं बसायचं असेल तर पुणे. पहिले सहा महिने कठीण जातील हे धरून चला. त्या काळात सगळ्यात मोठा धोका आपलाच असतो. आपल्या जिल्ह्याची पाच पोरं एका खोलीत राहतात, एकत्र जेवतात, शनिवारी एकत्र सिनेमाला जातात आणि तीन वर्षांनी म्हणतात, पुण्याची माणसं जवळ घेत नाहीत. आपणही कोणाकडे गेलो नव्हतो, हे मात्र राहून जातं.

तिन्हीकडे लागू पडणाऱ्या दोन गोष्टी. रोज तीच मेस, तोच चहावाला, तीच वेळ धरा, कारण शहरात ओळख पुन्हा पुन्हा दिसण्यातून होते. आणि विचारा. पत्ता, औषध, बँकेचा फॉर्म, काहीही. शहरातला माणूस आपण होऊन विचारणार नाही, पण विचारल्यावर टाळणारे मला फार कमी भेटले.

खोली बघायला जाल तेव्हा भाडं आणि पाणी विचारून झालं की घरमालकाला आणखी एक विचारा, "आईवडील गावाहून आले तर चार दिवस राहिलेले चालतील ना?" लगेच "हो" आलं तर ती खोली लहान असली तरी घ्या. तो माणूस थांबून "बघू" म्हणाला, तर पुढची खोली बघायला निघा.