नत्राची मोजणी चोख, निष्कर्षात माती

मांद्रेत आमचं जुनं चिऱ्याचं घर. मागच्या तीन खोल्या हंगामात पर्यटकांना देतो. शोषखड्डा विहिरीपासून फार लांब नाही, म्हणून सांडपाणी किती आणि त्यातून नत्र किती, याचा अहवाल म्हापशाच्या एका सल्लागाराकडून करून घेतला. नऊ हजार रुपये. नाव लिहीत नाही.

पाहणीला आलेला मुलगा हुशार निघाला. माणशी १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर, एवढं कागदावर लिहून मोकळं होता येतं. त्याने आधी विचारलं, "बाई, न्हाणीचं पाणी जातं कुठे?" माडांच्या मुळाशी. निम्मं पाणी विहिरीचं, म्हणून नळाच्या मीटरवरही तो विसंबला नाही. टाकी भरायला पंपाला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून पाहिलं आणि आठ दिवस पंपाची वही मला ठेवायला लावली. चवथीला किती माणसं जमतात? पंचवीस, म्हटलं, आणि संडास दोनच! हसला, पण लिहून घेतलं.

न्हाणी वगळल्यावर सेप्टिक टँकमध्ये जाणारं पाणी बरंच घटलं. नत्र मात्र घटलं नाही, कारण ते मुख्यतः लघवीतून येतं. माणशी दिवसाला १० ग्रॅम धरलं. आम्ही चौघं वर्षभर, पाहुणे सरासरी तिघं, सहा महिने: वर्षाला सुमारे २० किलो. टँक त्यातलं फारसं अडवत नाही. आवार ५०० चौरस मीटर, पाऊस ३००० मिलिमीटर, त्यातला पाव मुरतो असं मानून आणि न्हाणीसकट सगळं सांडपाणी त्यात मिळवून उत्तर आलं लिटरला ३४ मिलिग्रॅम नत्र. मी स्वतः करून पाहिलं, गणित बरोबर आहे. मातीत थोडं नत्र वायू होऊन उडून जातं, ते धरलेलं नाही. पण जांभ्याच्या भोकांतून पाणी सरळ खाली उतरतं, तेव्हा जास्तच धरलेलं बरं.

आणि शेवटी छापलंय: "४५ च्या मर्यादेच्या आत, सुरक्षित."

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं मी. पिण्याच्या पाण्यातली ४५ ची मर्यादा नायट्रेटची, नुसत्या नत्राची नव्हे. १४ ग्रॅम नत्राचं ६२ ग्रॅम नायट्रेट होतं. म्हणजे ३४ चे झाले दीडशे, मर्यादेच्या तिपटीहून जास्त! फोन केला, तर साहेब म्हणाले, तक्ता संगणक करतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत आली, सोबत चकार शब्द नाही.

विहिरीचं पाणी वेगळं तपासून घेतलं, भर पावसात नायट्रेट ३८ आलं. वरच्या अंगाचं पाणी येऊन मिसळतं म्हणून निभावतंय, असं मला वाटतं. मे महिन्यात, विहीर खाली गेल्यावर, पुन्हा तपासणार.

मोजणीला पाच तारे, अहवालाला दोन. दुरुस्त प्रतीतही चवथीचे पंचवीस जण कुठेच नाहीत.