परमिटवर आमची नावंच नव्हती

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही अकरा जण मध्य प्रदेशच्या सहलीला गेलो आणि फसलो. माणशी ४८,५०० रुपये, अकरा जणांचे मिळून ५ लाख ३३ हजार ५००. गाडी मिळाली, हॉटेलं बरी होती, जेवणही वेळेवर होतं. म्हणून ओळखीतले काही जण म्हणतात, मग फसवणूक कसली? पण तेवढ्यासाठी आम्ही एवढे पैसे मोजले नव्हते. मोजले होते कान्हा आणि बांधवगडच्या चार कोअर (जंगलाच्या आतल्या, राखीव भागातल्या) सफारींसाठी, गोंड चित्रकारांच्या गावासाठी आणि खजुराहोच्या नृत्य महोत्सवासाठी. त्यातलं काय मिळालं आणि काय नाही, ते सविस्तर सांगते. सुट्टी लागली की असे कार्यक्रम पुन्हा फिरायला लागतात, तेव्हा कुणाच्या तरी कामी येईल.

आमचा गट सिंहगड रस्त्यावरचा, रोज सकाळी एकत्र फिरायला जाणारा. बहुतेक निवृत्त, सगळ्यात मोठ्या काकू ७४ वर्षांच्या. आयोजक अगदी परका नव्हता. आमच्याच सोसायटीतल्या दोन कुटुंबांना त्याने आधी हंपी-बदामी दाखवलं होतं आणि ती मंडळी खूश होती. माणूस गोड बोलणारा, सगळ्या बायकांना ‘ताई’ म्हणणारा, काकूंची बॅग स्वतः उचलणारा. पंचवीस हजार आधी आणि बाकीचे निघण्याच्या दहा दिवस आधी, असे पैसे आम्ही यूपीआयने भरले. खातं संस्थेच्या नावावर नव्हतं, एका व्यक्तीच्या नावावर होतं. ‘चालू खात्याचं काम सुरू आहे, ताई,’ एवढं उत्तर आम्हाला पुरलं. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, तेही कुणी पाहिलं नाही.

त्याने सगळ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती मात्र मागून घेतल्या. ‘सफारीच्या परमिटला लागतात,’ म्हणाला. ते खरंच लागतात, आणि म्हणूनच आम्ही निर्धास्त झालो. ज्याने आधार मागितलं त्याने परमिट काढलंच असणार, असं आम्ही धरून चाललो.

कार्यक्रम असा होता. पुण्याहून दानापूर एक्स्प्रेसने जबलपूर, १८ फेब्रुवारीला भेडाघाट. १९ला दुपारी आणि २०ला सकाळी कान्हा. तिथून बांधवगडला जाताना ‘वाटेत’ पाटनगढ, म्हणजे ते गोंड चित्रकारांचं गाव. २१ला बांधवगडच्या ताला झोनमध्ये सकाळी आणि दुपारी अशा दोन सफारी. मग खजुराहो, आणि २३च्या संध्याकाळी नृत्य महोत्सव, ‘व्हीआयपी पाससह’. हा कागद माझ्याकडे महिनाभर होता. त्यात दोन गोष्टी उघड खोट्या होत्या आणि त्या मला दिसायला हव्या होत्या. मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि नकाशा उघडून पाहिला नाही. याची बोच अजून जात नाही.

भेडाघाट छान झालं. धुंवाधारचे तुषार अंगावर घेतले, पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या देवळात गेलो. ‘सांस्कृतिक तज्ज्ञ’ म्हणून जो माणूस सोबत होता त्याला देऊळ कलचुरी राजांच्या काळातलं आहे हेही सांगता आलं नाही. नंतर कळलं, तो आमच्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता. त्या दिवशी आम्ही तिकडे कानाडोळा केला.

कान्हाला मला वाघ बघायचा नव्हता. दिसला असता तर आनंदच, पण मला बारशिंगा बघायचा होता. कडक जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची जात १९७०च्या सुमाराला कान्हात फक्त ६६ उरली होती. तिथे गवताळ मैदानं राखली, कुरणांतली गावं दुसरीकडे वसवली, कुंपण घालून वीण जपली, आणि आज ती पुन्हा शेकड्यांनी आहे. वर्गात हे सांगताना मी दरवर्षी ठरवायचे, निवृत्त झाले की जायचं.

दुपारी तीनच्या सुमाराला खटियाहून दोन जिप्सी आत शिरल्या. साल, बांबू, एक गवा, चितळांचे कळप. दीड तास झाला तरी मैदान काही येईना. शेवटी मी पुढे वाकून वनखात्याच्या गाइडला विचारलं, ‘‘भैया, बारहसिंगा किधर मिलेगा?’’ पोरगेलासा मुलगा होता. त्याने आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘मैडम, बारहसिंगा तो कोर में है, उधर मैदान में. ये खटिया बफर है.’’

मला आधी नीट कळलंच नाही. मागे बसलेल्या वहिनी म्हणाल्या, म्हणजे आपण कान्हात नाही? कान्हा व्याघ्र प्रकल्पातच होतो, पण त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात. इथे एक स्पष्ट करते. बफर म्हणजे काही नकली जंगल नव्हे, तिथेही वाघ असतो, आणि ज्यांना कोअरचं परमिट मिळत नाही त्यांनी खुशाल बफरला जावं. पण कोअरचे पैसे घेऊन, कोअर म्हणून सांगून बफरमध्ये फिरवणं ही चोरी आहे. कान्हा, किसली, मुक्की, सरही हे कोअर झोन. त्यांत रोज ठरावीक गाड्याच सोडतात, म्हणून ती परमिटं खूप आधी काढावी लागतात. बफरचं त्या मानाने सहज मिळतं. सगळी मेख तिथे आहे.

रात्री जेवताना विचारलं तर आयोजक हसला. ‘‘ताई, जंगल सगळं एकच. कोअर-बफर हे कागदावरचं असतं. उद्या सकाळी कान्हा झोन पक्का.’’ सकाळी पुन्हा तोच खटिया बफर. या वेळी कारण काय, तर गेटवर संगणक बंद आहे.

पाटनगढला आम्ही गेलोच नाही. हे गाव दिंडोरीच्या पलीकडे, अमरकंटकच्या बाजूला आहे. कान्हाहून बांधवगडला जाताना ते वाटेत लागत नाही, मोठा वळसा घालावा लागतो. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचं हे गाव. भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहत होतं तेव्हा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या चमूला तिथे त्यांची चित्रं दिसली, आणि भिंतीवरची ही कला कागदावर, कॅनव्हासवर आली. २००१ मध्ये जनगढ जपानमध्ये वारले. त्यांच्या मागे त्या घराण्यातल्या आणि गावातल्या कितीतरी जणांनी हात चालू ठेवला. भज्जू श्यामांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. ते गाव बघायला मिळणार म्हणून काकूंनी आठवडाभर आधीपासून वहीत टिपणं काढली होती. आम्हाला उतरवलं रस्त्यावरच्या एका दुकानात. ‘गावातले सगळे कलाकार इथेच माल देतात,’ असं सांगितलं.

काकूंनी नातीसाठी शिंगांतून झाड फुटलेल्या हरणाचं चित्र घेतलं, सहा हजारांना. ‘हाताने काढलेलं’ असं दुकानदाराने दोनदा सांगितलं. पुण्यात आल्यावर काचेत बसवायला दिलं तेव्हा फ्रेमवाल्याने ते उजेडात धरलं आणि काकूंना म्हणाला, आजी, अंगठा फिरवून बघा. गोंड चित्रातले ठिपके आणि रेघा रंगाने एकेक करून भरलेल्या असतात, बोटाला त्या किंचित उंच लागतात. हे चित्र कॅलेंडरसारखं गुळगुळीत होतं. भिंगातून पाहिलं तर रेघेच्या आतच छपाईचे बारीक ठिपके. खाली सही होती, तीही छापलेली. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते परत गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

खरा प्रकार उघडा पडला तो बांधवगडला, २१ तारखेच्या सकाळी. ताला गेटवर सहा वाजता कडाक्याच्या थंडीत आम्ही जिप्सीत बसून राहिलो. आयोजक खिडकीकडे गेला, परत आला आणि म्हणाला, ‘‘व्हीआयपी दौरा आहे, आपली परमिटं रद्द केलीत. सरकारी काम, काय करणार. पैसे परत मिळतील.’’ आजूबाजूने इतर जिप्सी एकामागून एक आत जात होत्या. मी उतरले. त्याने निघण्याआधी दोन जिप्सींच्या परमिटांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या, त्या फोनवर उघडल्या आणि खिडकीतल्या कर्मचाऱ्याला दाखवल्या. त्याने क्रमांक संगणकात घातला. परमिट डिसेंबरचं होतं, मगधी झोनचं, दुसऱ्याच लोकांचं. आणि दोन्ही पीडीएफवर क्रमांक एकच होता. वरची तारीख आणि झोन तेवढे बदललेले. आमची नावं त्यात कुठेच नव्हती, नावांच्या जागी फक्त ‘गट – ६’ आणि ‘गट – ५’.

तो कर्मचारी सभ्य होता. त्याने समजावून सांगितलं ते मी तसंच लिहिते. मध्य प्रदेशात परमिट वनखात्याच्या ऑनलाइन यंत्रणेतून निघतं. प्रत्येक पर्यटकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक त्यावर असतो, गेट, झोन, तारीख आणि सकाळ की दुपार हेही असतं. गेटवर मूळ ओळखपत्र ताडून बघतात. जिप्सीचे आणि गाइडचे पैसे वेगळे असतात. ‘गट’ नावाचं परमिट नसतं. मी त्याला दुपारच्या सफारीचं विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘‘मैडम, आज बुधवार है. बुधवार शाम को पार्क बंद रहता है.’’

आपल्या ताडोब्याला मंगळवारी सुट्टी असते हे मला माहीत होतं. मध्य प्रदेशातल्या उद्यानांना बुधवारी दुपारनंतर असते हे मात्र मी पाहिलं नव्हतं. कार्यक्रमाच्या कागदावर ‘२१, बुधवार, दुपार, ताला कोअर’ असं स्वच्छ छापलेलं होतं.

मग भांडण झालं का? फारसं नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. मी आणि एक काका बोललो. बाकीचे म्हणाले, जाऊ दे, उरलेली सहल खराब नको. परतीची तिकिटं त्याच्याकडे, हॉटेलचं बुकिंग त्याच्या नावावर, काकूंच्या गुडघ्याचं दुखणं. घरापासून हजार किलोमीटरवर माणूस ज्याच्या हातात सगळं असतं त्याच्याशी भांडत नाही. अशी माणसं ते पुरतं ओळखून असतात.

खजुराहोत ‘व्हीआयपी पास’चे माणशी तीन हजार त्याने एकूण रकमेत धरले होते. आर्ट पेपरवर छापलेलं रंगीत कार्ड होतं ते. मी दारावरच्या माणसाला दाखवलं, तर तो म्हणाला, ‘‘इसकी ज़रूरत नहीं, प्रवेश सबके लिए है.’’ ते महोत्सवाचं पन्नासावं वर्ष होतं. मध्य प्रदेश सरकारची अलाउद्दीन खाँ अकादमी तो भरवते आणि प्रवेश विनामूल्य असतो. मागे उजेडात न्हालेली देवळं, समोर नाच, आणि मांडीवर तेहतीस हजारांची ती अकरा कार्डं. नाच अप्रतिम होता. मला तो नीट बघता आला नाही.

पुण्यात आल्यावर महिनाभर फोन केले. त्याने माणशी दोन हजार ‘सद्भावना म्हणून’ पाठवले आणि मग फोन घेणं बंद केलं. आमच्यापैकी सात जणांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. चौघांनी केली नाही, मुलं काय म्हणतील या लाजेपोटी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललात तर कागद कसे लावायचे ते कळतं. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या बनावट पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. रागाच्या भरात काही पुसून टाकू नका.

कोअर सफारीच्या नावाने कुणी पैसे मागितले तर शेवटचा हप्ता देण्याआधी तुमचं नाव आणि तुमच्या ओळखपत्राचा क्रमांक असलेलं परमिट मागा. मिळालं की झोनचं नाव वाचा, वार बघा, आणि क्रमांक गेटच्या कार्यालयात विचारून घ्या. खरं काम करणारे आयोजक ते न मागता पाठवतात, असे मला नंतर भेटलेही.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या शाळेतल्या एका बाईंनी त्याच माणसाचा नवा कार्यक्रम पाठवला आणि विचारलं, जाऊ का? पंचवीस हजार त्यांनी आधीच भरले होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, उरलेले भरायच्या आत फक्त परमिट मागा. त्यांनी रात्री मागितलं. सकाळी पाहिलं तर त्याने त्यांचा नंबर ब्लॉक केलेला होता.