गुहागरचा होमस्टे: एसी बंद, नेट नाही, तरी ४ स्टार

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब होणारे. ज्यांना फक्त खोली कशी एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी: खोल्या स्वच्छ, एसी बेभरवशाचा, जेवण एक नंबर, वायफाय नावापुरतं. बाकीच्यांनी पुढे वाचा, खास करून ज्यांच्याकडे अमेरिकेतून माणसं यायचीयेत त्यांनी.

माझी ताई अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसला असते, तिला दोन मुली. शेवटची आलेली डिसेंबर २०१८ ला. नंतर २०१९ मध्ये तिच्या धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपणाला आईबाबाच तिकडे गेले, डिंकाचे लाडू घेऊन, सहा महिने राहून आले. २०२० च्या मेची तिकिटं काढलेली ती कोरोनात गेली आणि मग दरवर्षी काहीतरी, व्हिसा स्टॅम्पिंगची, म्हणजे परत जाण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायची, अपॉइंटमेंट मिळेना, मिळाली तर भाऊजींना सुट्टी नाही, आणि इथे येऊन स्टॅम्पिंगला अडकलो तर नोकरीचं काय ही धास्ती वेगळीच. २०२५ ला एकदाचं जमलं. टेक्सासच्या शाळा मे संपता संपता सुटतात हे आमचं नशीब, न्यू जर्सीवाल्या चुलतभावाच्या पोरांना जून अर्धा उलटून गेल्यावर सुट्टी लागते, ते येतात तेव्हा आंबा गेलेला आणि छत्र्या बाहेर निघालेल्या. आईचं एकच म्हणणं होतं, नातींनी झाडाखाली बसून हापूस खाल्ला पाहिजे. पुण्यात आमचा टू बीएचके, माणसं नऊ, म्हणून मार्चमध्येच इथल्या ३ खोल्या ३ रात्रींसाठी बुक करून टाकल्या.

आणि मग पावसाने काय केलं ते तुम्हाला माहितीच आहे. २४ मेला केरळात, २५ ला देवगडपर्यंत आणि २६ ला मुंबई-पुण्यात मान्सून हजर. ताई २५ च्या पहाटे मुंबईत उतरली, दुसऱ्याच दिवशी तिकडे भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं, एक दिवस उशीर झाला असता तर आम्ही पण कुठेतरी पाण्यात उभे असतो. आम्ही २८ ला टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो, उंब्रज, पाटण, कोयनानगर, पुढे कुंभार्ली घाट पूर्ण ढगात. मोठीला दोनदा उलटी. चिपळूणला चहा आणि पोचेपर्यंत संध्याकाळ.

आता तक्रारी. बुकिंगच्या वेळी फोनवर जो मुलगा बोलला त्याने तिन्ही खोल्यांना एसी आहे सांगितलेलं. एसी आहेत, खोटं नाही बोलला, पण व्होल्टेज एवढं कमी की एक चालू केला की दुसरा बंद पडतो. त्याच मुलाने 'डॉल्फिन दाखवायला बोट नक्की' असंही सांगितलेलं, आणि २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत हे सगळं बंद असतं. समुद्रावर राहणाऱ्या पोराला हे माहीत नाही असं कसं होईल? मोठी विमानात बसल्यापासून डॉल्फिन डॉल्फिन करत होती. पहिल्याच रात्री ८ ला लाइट गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक ट्यूब. भाऊजींना ऑफिसचा कॉल होता, तो त्यांनी व्याडेश्वराच्या देवळाजवळ गाडीत बसून घेतला कारण रेंज तिथेच. डास आहेत, ओडोमॉस स्वतःची न्या.

पण त्याच रात्रीची गोष्ट सांगतो. टेक्सास आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे आपले रात्रीचे ३ वाजतात तेव्हा पोरींच्या अंगात दुपारचे साडेचार. दोघी टक्क जाग्या, लाइट नाही, धाकटी रडायला लागली. मी मोबाईलचा टॉर्च घेऊन बाहेर आलो तर ओटीवर होमस्टेच्या मालकीण काकू बसलेल्या, म्हणाल्या, 'भूक लागली असेल हो त्यांना, रडेल नाहीतर काय!' आणि खरंच चूल पेटवून मऊ भात टाकला, वर तूप-मेतकूट. पुण्यात तीन दिवस मॅक अँड चीज मागून आम्हाला वेड लावलेली ती पोर दोनदा मागून जेवली. ताई बाजूला उभी राहून नुसती बघत होती, मग स्वतःपण एक वाटी घेऊन बसली. जास्तीच्या या जेवणाचे बिलात पैसे लावले नाहीत, मी विचारलं तर काकू रागावल्या.

धाकटीचं अजून एक सांगायचं राहिलं. सहा वर्षं फोनवर 'हाय आजी' चालायचं, पण समोर आजी बसलेली तर ताईच्या मागे लपायची, आईला ते फार लागलेलं, बोलली नाही पण कळतं ना. पहाटे उजाडायला काकूंचे यजमान, काका, दोघींना बागेत घेऊन गेले, रात्रीच्या वाऱ्याने रायवळ आंब्यांचा सडा पडलेला, आई पण काठी टेकत गेली. थोड्या वेळाने मला माजघरात ऐकू आलं, 'आजी, हिअर! आजी, वन मोअर!' आईच्या पदरात चिखलाचे आंबे, ती काही शुद्ध मराठी शिकवायच्या मूडमध्ये नव्हती.

हापूसचं म्हणाल तर झाडावर जवळजवळ संपलेला, आणि पावसात भिजलेलं फळ लवकर खराब होतं. काकांनी आमच्यासाठी आधीच काढून माळ्यावर पेंढ्याची अढी लावून ठेवलेली, ५ डझन, त्यातले ७-८ डागी निघाले ते न सांगता बदलून दिले. गंमत म्हणजे पोरींना हापूस 'ओके' वाटला आणि चोखायचे रायवळ भयंकर आवडले. आईला हा अपमान अजून पचलेला नाही.

जेवण शाकाहारी थाळी २५०, त्यात कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, एक दिवस सांदणं. ताजा मासा मिळाला नाही, समुद्र खवळलेला आणि बोटी वर ओढलेल्या, तसंही १ जूनपासून मासेमारी बंदच होते. मासे खायचे असतील तर एप्रिलमध्ये जा.

निघताना नेट नाही म्हणून यूपीआय चालेना, ताईच्या कार्डाचा उपयोग नाही, रोख पुरेना. काका म्हणाले पुण्याला पोचल्यावर पाठवा, ओळख ना पाळख आणि १५ हजारांच्या वर रक्कम. ताईने आंबे न्यायचं विचारलं, पण तिकडे कस्टमवाले ताजं फळ काढून घेतात, मग साठं आणि मेतकूट बांधून घेतलं.

एक स्टार कापला तो एसीसाठी नाही, डॉल्फिनसाठी. बुकिंग करणार असाल तर त्या मुलाशी न बोलता थेट काकूंना फोन द्यायला सांगा, आणि पूर्वेकडची खोली मागा, तिच्या खिडकीतून बाग दिसते. दुपारी २ ते ४ फोन करू नका, उचलत नाहीत.