जेट स्कीला जादा बिल्ज पंप बसवून सात महिने झाले, काय काय झालं ते सांगतो

आधीच सांगून टाकतो, आम्ही बेळगावचे, आमच्यात 'मी केलो, मी बघितलो' असंच म्हणतात. पुण्याकडचे हसतील, हसूदेत.

जेट स्की जुनी आहे, मी आणि माझा मामेभाऊ दोघांत घेतलेली. पावसाळाभर ती वडगावात आमच्या घरामागच्या शेडमध्ये असते आणि दिवाळीच्या सुमाराला ट्रेलरवर घालून शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत देवबागला जाते, कर्लीच्या खाडीत. बेळगावात राहून समुद्रातली गाडी कशाला पाळतोस म्हणून आई अजून विचारते, मी विषय बदलतो.

बिल्ज पंप म्हणजे गाडीच्या तळाला साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. आता तो कशाला, तर जेट स्कीत पाणी काढायची सोय बहुतेक असतेच, पण ती सायफनची. मागच्या जेटमधून पाणी जोरात सुटतं त्याच्या ओढीनं आतलं पाणी खेचलं जातं. म्हणजे गाडी पळत असली तरच काम. इंजिन बंद पडलं, किंवा रात्री दोरीला बांधून ठेवलो, की झालं, आत येईल तेवढं पाणी आतच. मागच्या सीझनला सकाळी येऊन बघतो तर मागची बाजू एवढी खाली गेलेली की भाऊ म्हणाला, "दादा, ही पाणी पिऊन झोपलीय की रे!" त्यादिवशीच ठरवलो.

मी उद्यमबागेत पॅनेल वायरिंग करतो, त्यामुळं वाटलं अर्ध्या तासाचं काम. दोन रविवार गेले. पंप १२ व्होल्टचा, ताशी ५०० गॅलनवाला घेतलो, आपोआप पाणी ओळखून चालू होणारा, फ्लोट (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच) वगैरे काही नाही. ५०० गॅलन म्हणजे मिनिटाला ३१ लिटर होतात, पण ते पाईप न लावता, वर न चढवता. आमच्या पाईपातून, मागं वर भोक पाडून बाहेर सोडलेलं पाणी मी अंगणात ट्रेलरवरच बादली लावून मोजलो, वीस लिटरची बादली भरायला ५५ सेकंद लागली. म्हणजे २२ लिटर. पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि २ सेंटीमीटरचं भोक पाण्याखाली २० सेंटीमीटरवर असलं तर तेवढ्या एकातूनच मिनिटाला वीसेक लिटर पाणी आत येतं. मागचे दोन्ही ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायच्या भोकांची बुचं, लावायचे विसरलात तर हा पंप हरतो, हे लक्षात ठेवा. पंप बुडण्यापासून वाचवत नाही, काठाला यायला वेळ देतो, बास.

वायरिंगमधली माझी पहिली चूक, पंपाचा प्लस मी किल्लीच्या स्विचमागून घेतलो. बेंचवर सवय तशीच असते ना, किल्ली बंद तर सगळं बंद. पण ज्या रात्रीसाठी पंप बसवलो त्या रात्रीच किल्ली बंद असते की! भाऊ हे बघून जे हसला ते अजून थांबला नाही. मग सरळ बॅटरीवरून घेतलो, टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज, फ्यूज पंपाच्या पाकिटावर लिहिलाय तेवढाच, मोठा नाही. वायर कथील चढवलेल्या तारेची घ्या, दीड स्क्वेअरची पुरते. साधी घरची वायर घातली तर खाऱ्या हवेत दोन महिन्यांत आतून हिरवी होते, वरून कळत पण नाही. जोड आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणारी नळी), आणि होईल तेवढे वर, तळाला एक पण नाही. नुसती टेप गुंडाळू नका, मी एका जागी आळस केलो आणि फेब्रुवारीत तोच जोड सडला.

आणखी एक, यात चेष्टा नाही. पेट्रोलची वाफ जड असते, ती गाडीच्या पोकळ बुडात तळाला जाऊन बसते. काम करण्याआधी सीट काढून चांगला वेळ वारा लागू द्या, बॅटरीचा मायनस आधी सोडा. ट्रॅक्टरचा हॉर्न रिले किंवा साधा स्विच आत बसवू नका, ठिणगी पडते. पंप पण ठिणगी बाहेर न येणारा, बोटीसाठीचाच घ्या. कारच्या वॉशरचा पंप लावणारे पण बघितलोय, त्यांना नमस्कार.

खरी गंमत जानेवारीत. एक दिवस सकाळी बॅटरी साफ खलास. पंप रात्रभर चाललेला, कारण शाफ्टच्या सीलमधून (इंजिनाचा दांडा मागं जेटकडं जातो तिथं पाणी अडवणारं) पाणी येत होतं आणि आम्हाला आठवडाभर पत्ताच नाही. पंप गुपचूप काढतोय, आम्ही खुश, गाडी कोरडी! आधी निदान पाणी दिसायचं तरी. वर हा आपोआपवाला पंप दर अडीच मिनिटाला एक गिरकी मारून पाणी आहे का बघतो, १९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला पार्किंगमध्ये ते पण जड जातं. आणि पंप चालू आहे का हे दाखवायला दिवा लावायचा म्हटलं तर जमत नाही, स्विच पंपाच्या आतच असतो.

मग साधा पंप आणि वेगळा फ्लोट स्विच केलो. बॅटरी, फ्यूज, फ्लोट, पंप. फ्लोटला समांतर हाताचा स्विच, आणि पंपाच्या वायरीवर हँडलजवळ छोटा एलईडी. पंप चालला की दिवा लागतो. आता दिवसाला किती वेळा लागतो ते भाऊ वहीत लिहितो, दोनावरून सहावर गेलं की सील बघायचं. फ्लोटजवळ केबल टाय, पालापाचोळा काही ठेवू नका, एकदा अडकून पंप बंदच झाला नाही. पाईपात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी उलटं आत येऊ न देणारा, मी बसवून काढलो, प्रवाह कमी होतो आणि कचरा अडकतो. त्यापेक्षा पाईपाचा वळसा पाण्याच्या रेषेच्या वर घ्या.

हो, तळाला तेल किंवा पेट्रोल दिसलं तर आधी पुसून काढा, नाहीतर पंप ते सगळं खाडीत ओततो. कर्लीत लोक तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढतात ओ.

एकूण खर्च, दोन पंप धरून, नऊ हजारांच्या आत आला, त्यातले अडीच माझ्या शहाणपणाचे. परत करायचं तर मी फ्लोट आणि दिवाच पहिल्यांदा लावीन. मे संपताना किनाऱ्यावरचं सगळं बंद होतं तशी गाडी परवा घरी आणलो, सील बदलायला दिलोय. पंपाचा फ्यूज काढलो आणि दोन्ही ड्रेन प्लगांसोबत एकाच दोरीत ओवून किल्लीला बांधून ठेवलोय.