पंख्याची चूल: धूर कमी झाला, भाकरी मात्र अडली

मराठवाड्यातील आमच्या गावच्या घरासाठी घेतलेली ही चूल म्हणजे वरून जळण भरायचे एक पोलादी भांडे असून त्याच्या बुडाशी बॅटरीवर चालणारा छोटा पंखा बसवलेला आहे. पंख्याची थोडी हवा तळातून येऊन जळण पेटते ठेवते आणि उरलेली काठालगतच्या छिद्रांतून आत शिरते. लाकूड तापल्यावर त्यातून जो वायू सुटतो, तो साध्या चुलीत अर्धवट जळून धूर आणि काजळी होऊन बाहेर पडतो. येथे त्याला काठाशी ताजी हवा मिळत असल्यामुळे तो बहुतांशी तेथेच जळून जातो. परिणामी चूल नीट पेटल्यावर डोळे चुरचुरत नाहीत, फुंकणी लागत नाही आणि पातेल्याचे बूडही पूर्वीइतके काळे होत नाही. पेटवताना आणि मध्येच जळण भरताना मात्र धूर होतोच.

या काजळीतला मुख्य घटक म्हणजे काळा कार्बन. तो हवेत काही दिवस, फार तर दोनेक आठवडे टिकतो. पण तेवढ्या काळात तो ऊन शोषून हवा तापवतो आणि हिमालयातील बर्फावर बसला तर बर्फ लवकर वितळवतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा अंश शतकानुशतके हवेत राहतो, म्हणून त्याच्या कपातीचे फळ सावकाश मिळते. काजळी थांबवली तर हवेतील तिचे प्रमाण काही आठवड्यांतच उतरते. शिवाय स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जातात तेही हेच सूक्ष्म कण. त्यामुळे या चुलीकडून दुहेरी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

अडचण सुरू होते ती जळणापासून. पऱ्हाट्या आणि तुराट्या आमच्याकडे मुबलक असल्या, तरी या चुलीसाठी त्या बोटाएवढ्या तोडाव्या लागतात, आणि रोज हे काम कोणी करायचे याचे उत्तर घरातील बायकांनाच द्यावे लागते. जळण ओलसर असेल तर पंखा असूनही धूर होतो. भाकरीची अडचण याहून मोठी आहे. तव्यावरून काढलेली भाकरी आमच्याकडे चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून शेकतात. या चुलीला तसे तोंडच नसल्यामुळे वरण-भात तिच्यावर आणि भाकरी जुन्या चुलीवर, अशी वाटणी आपोआप झाली. म्हणजे एक धूर कमी झाला आणि दुसरा चालूच राहिला.

ही वाटणी क्षुल्लक मानता येत नाही. मलावीमध्ये दहा हजारांहून अधिक मुलांचा सहभाग असलेल्या आणि 2016 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत घरोघरी अशाच पंख्याच्या चुली दिल्या होत्या, तरीही पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनियाचे प्रमाण घटले नाही. इतर ठिकाणचा धूर चालूच राहणे हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सूक्ष्म कणांसाठी सुचवलेली वार्षिक सरासरी दर घनमीटरला अवघी 5 मायक्रोग्रॅम आहे. घरात एक साधी चूल पेटती असताना त्या पातळीच्या जवळपासही पोहोचता येत नाही.

म्हणून ज्यांना सिलिंडर वेळेवर भरून आणणे परवडते, त्यांनी स्वयंपाकासाठी ही चूल घेऊ नये. गॅस कितीतरी स्वच्छ आहे. ज्या घरी गॅस आहे, पण आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण अजून लाकडावरच तापते, त्यांनी ती अंगणात, आडोशाला ठेवण्यासाठी जरूर विचारात घ्यावी. घेण्यापूर्वी बॅटरी आणि पंखा जवळच्या गावात दुरुस्त होतात का, हे दुकानदाराला विचारावे. पंखा बंद पडला तर तिच्यात आणि जुन्या चुलीत फारसा फरक उरत नाही.