दमा असताना स्लीव्ह की बायपास?
जिना चढताना धाप, उशाशी पंप, झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क. अशा लठ्ठ माणसाला वजन कमी करण्याची कोणती शस्त्रक्रिया बरी? स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. आतडी जोडायची नसल्याने भूल सहसा कमी वेळ द्यावी लागते. फुप्फुसांना तेवढाच दिलासा. पण पुढे आम्लपित्त वाढू शकतं. रात्री आंबट पाणी घशाशी आलं की खोकल्याची उबळ येते, दमा चाळवतो. आधीच जळजळ असेल तर मी बायपासकडे झुकेन, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याकडे. त्यात हा त्रास बहुधा कमी होतो. मात्र दम्यासाठी वरचेवर स्टेरॉइडच्या गोळ्या लागत असतील, तर बायपासच्या जोडापाशी अल्सरचा धोका वाढतो. सिगारेट दोन्हीकडे बंदच. आणि हो, वजन उतरलं म्हणून सीपॅप मनानेच माळ्यावर टाकू नका. आधी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या.